रिकाम्या जागेतला ठिपका

माजरी बस्तीत बाबूभाईचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यात मागच्या अंगाला प्लायवूडचं पार्टिशन होतं, आणि त्या पार्टिशनमागे बसून राजदीप अक्षरं पाडायचा. पुढे चार मशीन, त्यांवर तुटून पडलेली कॉलनीतली पोरं, बटणांचा खडखडाट, फुटणाऱ्या विमानांचे आवाज. मागे चंद्रपूरच्या भंगारातून उचललेला, हिरव्या अक्षरांचा, काळ्या पडद्याचा संगणक, एक टेबलपंखा आणि कोळशाची धूळ. ही धूळ माजरीत मिठाच्या डब्यातसुद्धा सापडते, तिच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

राजदीपला हे काम कोणी शिकवलेलं नव्हतं. बाबूभाईची मशीनं बिघडली की तो उघडून बसायचा. उघडता उघडता त्याला कळलं, की पडद्यावरचं अक्षर म्हणजे फक्त चौकट आणि तिच्यातली घरं. काही घरं पेटलेली, काही विझलेली. इंग्रजी अक्षराला तेवढं पुरतं. मराठीचं तसं नाही. शिरोरेषा आली, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. सोळा घरांच्या उंचीत एवढं सगळं बसवायचं आणि तरी वाचता आलं पाहिजे. 'क्ष' काढताना तर माणसाला रडू येतं. राजदीपनं तो काढला होता, आणि तो असा झाला होता की बाबूभाईनं चष्मा लावून दोनदा पाहिला.

"अबे, ये तो एकदम असली दिखता है," बाबूभाई म्हणाला होता. "तेरेकू माजरी में नहीं रहना चाहिए."

राजदीपलाही राहायचं नव्हतंच. सन दोन हजार तीनचा उन्हाळा होता. पुण्याची एक कंपनी शाळकरी मुलांसाठी मराठी खेळ काढणार होती, आणि त्यांना अक्षरं हवी होती जुन्या व्हिडिओ गेमसारखी. चौकोनी, ठिपक्याठिपक्यांची. तशी फॅशन आली होती म्हणे. बाबूभाईच्या दुकानात जे गरिबीमुळे अजून चालू होतं, ते पुण्यात आठवण म्हणून विकलं जाणार होतं. विकू देत. अक्षरं पसंत पडली तर राजदीपला तिथे नोकरी होती, राहायला खोली होती.

या कामात एक अक्षर असं असतं जे कोणाला अक्षर वाटत नाही. दोन शब्दांमधली रिकामी जागा. तिलाही चौकट असते, तिच्यातही तितकीच घरं असतात, फक्त सगळी विझलेली. राजदीपनं ती सगळ्यात आधी बनवून ठेवली होती. तिच्यात करायचं असं काही नव्हतंच.

त्याचं घर आंबेटोल्याला होतं, बस्तीपासून सायकलच्या वाटेवर. घरात माय. मायचं नाव मनकर्णा. दुपारी माजरीच्या खाणीत पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ती एक ताट वाढायची, झाकायची, दाराशी बसायची. दिवे लागले की तेच ताट स्वतःपुढं ओढून जेवायची. चौदा वर्षं तिचं हे चाललं होतं. नवऱ्याच्या फोटोला तिनं हार घालू दिला नाही. समाजातली म्हातारी माणसं गेलेल्याच्या पुण्यानुमोदनाचं बोलायला आली, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. बापाच्या जागी पोराला नोकरी लागते, त्या कागदावर सही केली नाही, कारण कागदावर 'मयत' लिहिलं होतं.

"मी पाह्यलं का मयत?" ती म्हणायची. "मंग मी काऊन सही करू?"

राजदीप तिच्यावर चिडून होता. त्याची नोकरी, खाणीचं कॉर्टर, लग्न, सगळं त्या एका सहीपाशी अडून राहिलं होतं. आणि लोक म्हणायचे, मनकर्णाबाई मोठी खंबीर बाई. खंबीर! दुसऱ्याच्या घरातला खंबीरपणा सगळ्यांना आवडतो.

"माय, पुण्याले चाल माह्यासोबत," तो म्हणायचा.

"तू जा. मी इथीच बरी."

"एकटी काय करशीन इथी?"

"एकटी काऊन? अन घरी कोणी नसलं तर ते येतीन कुठी?"

ते म्हणजे देवाजी. राजदीपचा बाप.

खाणीत उतरणाऱ्याचा एक नियम असतो. बत्तीघरात जायचं, आपला पितळेचा बिल्ला द्यायचा आणि टोपीवर लावायची बत्ती घ्यायची. बिल्ला फळीवर आपल्या नंबरच्या खिळ्याला लटकतो. वर आलं की बत्ती जमा करायची, तेव्हाच बिल्ला मिळतो. फळीवर बिल्ला दिसला म्हणजे माणूस खाली आहे. इतकं साधं. देवाजीचा नंबर दोनशे सतरा. आंबेटोल्याच्या खाणीत जुन्या, सोडून दिलेल्या गॅलरीतून एक दिवस पाणी आत आलं. त्याच्या टोळीतले बाकीचे निघाले, देवाजी निघाला नाही. शोधलं, पंप लावले, शेवटी त्या बाजूला भिंत बांधून टाकली. काही वर्षांनी ती खाणच बंद झाली, आणि फळी बत्तीघरातल्या लटारूभाऊनं स्वतःच्या गोठ्यात नेऊन ठेवली. सगळे खिळे रिकामे. दोनशे सतरावर बिल्ला.

तेव्हा लटारूभाऊ तो बिल्ला घेऊन मायकडे आला होता. राजदीप दारातच उभा होता, त्याला सगळं आठवतं.

"वहिनी, हे ठेवा तुमच्यापाशी."

मायनं हात पुढं केला नाही. "बत्ती जमा झाली का, भाऊ?"

"नाई."

"मंग तुमी बिल्ला काढलाच कसा? तुमाले नियम नाई माईत?"

लटारूभाऊ खाली मान घालून गेला आणि तो बिल्ला त्यानं होता तिथं परत टांगला.

मे महिन्यात पुण्याच्या त्या कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. फोन बाबूभाईच्या गल्ल्यावर होता, बाजूला पोरांचा कल्ला.

"राजदीप, अक्षरं सुरेख झालीयेत हं. आमच्या सगळ्या टीमला आवडली. आता एकच. पहिल्या पडद्यावर आपण एक छोटीशी गोष्ट टाकू या, ही अक्षरं कुठून आली याची. तुमचे वडील खाणीत होते ना? त्यांची एखादी वस्तू असेल, तिचा फोटो पाठवाल?"

राजदीपनं फोन ठेवला आणि एक शिवी हासडली. यांना अक्षरं पाहिजे, आणि वरून मेलेला बापही पाहिजे, त्याच भावात. पण तिनं विचारलेलं खोटं नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं. अक्षरं आली होती त्या फळीवरूनच. लहानपणी बापाची वाट पाहत तो बत्तीघराच्या जाळीशी उभा राहायचा. समोर खिळ्यांच्या रांगा, काहींवर चमकणारं पितळ, काही रिकामे. डोळे बारीक केले की त्या चमकत्या ठिपक्यांतून आकार निघायचे. एकदा त्याला तिथं सरळसरळ 'म' दिसला होता. बाप वर आला, बिल्ला घेतला, आणि 'म' मोडला.

लटारूभाऊच्या गोठ्यात म्हशीच्या मागे, भिंतीला टेकून फळी उभी होती. राजदीपनं बाबूभाईचा कॅमेरा आणला होता. गोठ्यात उजेड कमी होता.

"बाहेर नेऊन काढतो फोटो. बिल्ला तेवढा घेऊन जातो," तो म्हणाला.

लटारूभाऊ वैरण टाकत होता. तो थांबला. "इथीच काढ ना."

"इथी अंधार हाये, भाऊ."

"तो बिल्ला काढाचा नाई, राजदीप. बत्ती आल्याबिगर काढाचा नाई."

"कोण येऊन राह्यलं आता बत्ती द्याले?" राजदीप हसला. "तुमी अजून ड्यूटीवरच हा का?"

राजदीपनं बिल्ला खिळ्यावरून उचलला. पितळ गार होतं, मे महिन्यातही. फोटो निघाला, आणि बिल्ला त्याच्या शर्टाच्या खिशात राहिला. परत कशाला टांगायचा? कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नमुन्याची ओळ तपासत बसला होता. खेळात येणारे शब्द त्यानं एका ओळीत मांडले होते: खेळ सुरू करा, पुढे जा, मागे या, पुन्हा एकदा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. 'खेळ' आणि 'सुरू' यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक ठिपका पेटला होता.

चुकून बोट लागलं असणार. त्यानं रिकाम्या जागेची चौकट उघडली, ते एक घर विझवलं, जतन केलं. चहा पिऊन आला तर ठिपका परत तिथंच.

राजदीप हुशार माणूस होता आणि हुशार माणूस आधी तारा तपासतो. त्यानं पडदा बदलला, बाबूभाईकडचा गेमचा टीव्ही जोडला. त्याच्यावरही ठिपका होता. संगणकाची पेटी उघडून पुसली. शेवटी फ्लॉपी घेऊन भद्रावतीला गेला, तिथल्या सायबर कॅफेच्या नव्या कोऱ्या मशीनवर ओळ उघडली. ठिपका तिथेही होता, आणि आता 'सुरू' आणि 'करा' यांच्या मधे होता. पहिली जागा विझलेली.

राजदीपनं खुर्ची मागं सरकवली.

कारण असं होऊच शकत नाही. ओळीत रिकाम्या जागा कितीही असोत, त्या सगळ्या एकाच अक्षराच्या नकला. एकीत ठिपका असेल तर सगळ्यांत असायला हवा. एका जागेतून निघून दुसऱ्या जागेत जायला ठिपक्याला रस्ताच नाही.

त्या आठवड्यात तो ओळीत पुढं सरकत राहिला. राजदीप पाहत असताना हलायचा नाही. पंख्याची दिशा बदलायला मान वळवली, पोरांना दटावायला पार्टिशनबाहेर गेला, की परत येईपर्यंत पुढच्या जागेत. आणि तो मोठा होत होता. एका घराची दोन घरं झाली, मग चार. भोवती मंद, अर्धवट पेटल्यासारखी घरं दिसू लागली. त्या पडद्यावर घर एक तर पेटलेलं असतं किंवा विझलेलं. मंद काही नसतंच.

बाबूभाईला त्यानं बोलावून दाखवलं. बाबूभाई बराच वेळ वाकून पाहत राहिला.

"ये क्या बनाया तूने?"

"मी नाई बनवला."

"टॉर्च लेके कोई आ रहा है, ऐसा लगता है बे. दूर से." बाबूभाईनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "मिटा दे इसको."

"मिटत नाई, भाई."

बाबूभाई बाहेर गेला. त्या दिवसापासून तो पार्टिशनच्या आत आला नाही, चहासुद्धा बाहेरूनच सरकवायचा.

राजदीप भूतबित मानत नव्हता. त्याच्या घरात ते कधी चाललंच नाही. लहानपणी कोणी भीती घातली तर बाप म्हणायचा, ज्या गोष्टीले सावली नाई त्या गोष्टीले भ्यायचं नाई. म्हणून राजदीपनं रागानं ठिपक्याचा माग काढायचं ठरवलं. प्रत्येक जागेत तो कुठल्या घरात होता, ते कागदावर मांडत गेला. सगळी घरं जोडली तर एक रेष निघाली. वर, खाली, वर, खाली. चालणाऱ्या माणसाच्या कपाळावर बत्ती असली तर तिचा उजेड असाच हलतो, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. पण रेष सारखी नव्हती. दर दुसऱ्या वेळेला ती जरा जास्त खाली जायची.

डाव्या पायावर.

देवाजीच्या डाव्या गुडघ्यावर एकदा दगड पडला होता. नंतर तो त्या पायावर असाच झोल खाऊन चालायचा. कॉलनीतली पोरं त्याच्या मागे नक्कल करत चालायची, आणि तोही मागे वळून त्यांचीच नक्कल करायचा.

राजदीपनं कागद चुरगाळला. खिशातला बिल्ला त्याच्या छातीला लागला. गार. पूर्ण आठवडाभर अंगाच्या उष्णतेत राहून तो तापला कसा नाही, हे आता त्याच्या ध्यानात आलं.

शनिवारी मॅडमचा फोन आला. आवाज जरा बदलला होता. "राजदीप, तुम्ही पाठवलेल्या फाईलमध्ये शब्दांच्या मध्ये कचरा येतोय हो. हिरवट डाग. इथे सगळ्या मशीन्सवर येतोय. सोमवारी आम्हाला सगळं फायनल करून पुढे जायचंय. नाही जमलं तर तसं सांगा, एक दुसरे गृहस्थ तयार आहेत."

"जमते, मॅडम. सोमवारच्या आत देतो."

"नक्की ना?"

"नक्की."

रविवारी सकाळी घरून निघताना माय चुलीपाशी होती. ती गुणगुणत होती. राजदीपनं तिला गुणगुणताना पाहिल्याला वर्षं लोटली होती.

"आज काय हाये?" त्यानं विचारलं.

"काई नाई. वांग्याची भाजी करून राह्यली." ती वळली नाही. "त्याइले आवडते."

"माय."

"पाणी तापवाचं हाये. इतक्या दिवसाचा चिखल का थंड्या पाण्यानं निंगते?"

राजदीप लटारूभाऊच्या गोठ्याशी थांबला तेव्हा त्याला काय बोलायचं हे माहीत नव्हतं. बोलावंही लागलं नाही. लटारूभाऊनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग खिशाकडं.

"कुठपर्यंत आला?" त्यानं विचारलं.

"शेवटच्या शब्दाच्या अलीकडं."

लटारूभाऊनं मान हलवली, जणू हे रोजचं होतं. "आता दोनच गोष्टी हायेत. यक तर बिल्ला मायच्या हाती दे अन तुमी दोघं दारात बसा. नाईतर जिथून काढला तिथी टांग. मधात ठेवू नको. खाली बी नाई अन वर बी नाई, असं माणसाले ठेवू नये."

राजदीप फळीपुढं उभा राहिला. म्हशीनं शेपटी मारली, माशा उडाल्या आणि परत बसल्या. बाहेर मे महिन्याचं कडक ऊन होतं. त्यानं चौदा वर्षांचा विचार केला. पाण्यात चौदा वर्षं. दारात जे येऊन उभं राहील, ते मायनं झाकलेल्या ताटावर बसेल, तिनं तापवलेल्या पाण्यानं हात धुवेल. मग ते रोज असेल. मग पुणं नाही. मग आंबेटोला, ते दार, आणि त्या तिघांचं जेवण. त्याला बापाचा चेहरा आठवून पाहायचा होता. आठवला तो फक्त उजेड, जाळीपलीकडून डोळ्यांवर येणारा.

आणि सोमवार.

त्यानं बिल्ला दोनशे सतराच्या खिळ्याला टांगला.

लटारूभाऊ वैरण कापायला लागला. वर पाहिलं नाही.

दुकानात पोचून त्यानं ओळ उघडली. सगळ्या जागा रिकाम्या. काळ्या, स्वच्छ, जशा पहिल्या दिवशी होत्या तशा. त्यानं ओळ पुढं सरकवली, मागं सरकवली. बाहेर जाऊन आला. काही नाही. बाबूभाईच्या फोनला मोडेम जोडून फाईल पुण्याला पाठवली. मॅडम रविवारीही कामावर होती. तासाभरात फोन आला.

"आता अगदी क्लीन आहे! अभिनंदन. पुढच्या आठवड्यात या तुम्ही."

राजदीप सायकलवर बसला तेव्हा पहिल्या पाळीचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता. वाटेत त्यानं शीळ घातली. मग थांबवली, ऐकायला कोणी नव्हतं.

माय उंबऱ्यावर बसली होती. पाय बाहेर, हात मांडीवर. मागे आत ताट वाढलेलं, झाकलेलं नाही. पितळी गुंडात तापवलेल्या पाण्याची वाफ निघून गेलेली.

अंगणात पाण्याचा ओघळ होता. वाटेवरून दारापर्यंत आणि दारापासून परत वाटेवर. ओघळ काळा होता. उन्हानं तो दोन्ही टोकांकडून वाळत चालला होता. गमबुटांचे ठसे अजून दिसत होते. डावा ठसा खोल.

"आले होते," माय म्हणाली.

राजदीप सायकल धरून उभा राहिला.

"तोंड नाई दिसलं. उजेड माह्या डोयावर होता. मी म्हटलं, बसा. बसले नाई. म्हणे, बिल्ला दे." तिचा आवाज सरळ होता, जणू ती बाजारातली गोष्ट सांगत होती. "मी म्हटलं, लटारूभाऊपाशी असन, नाईतर राजदीपपाशी असन, येऊनच राह्यला तो. जरा वेळ उभे राह्यले. मंग म्हणे, माहा बिल्ला फळीवर हाये. फळीवर हाये म्हणजे मी खालीच हावो. अन गेले."

"माय..."

"काल बिल्ला फळीवर नव्हता, राजदीप. मी रोज जाऊन पाह्यत होती. आज कोणं टांगला?"

तिनं पदर बाजूला केला. तिच्या मांडीपाशी उंबऱ्यावर खाणीतली बत्ती होती. वायर, कमरेला बांधायची बॅटरी, पत्र्यावर खिळ्यानं कोरलेला नंबर. बत्ती पेटलेली होती. उन्हात तिचा उजेड कळत नव्हता, पण तिच्यापुढं धरलेला मायचा तळहात पिवळा दिसत होता.

"बत्ती त्याइनं जमा केली," माय म्हणाली. "नियमानं. अन तसेच गेले. अंधारात."

राजदीपनं सायकल वळवली आणि जोरात हाणली. गोठ्यात लटारूभाऊ नव्हता. त्यानं बिल्ला ओढून काढला, खिळ्यासकट निघाला, मुठीत घट्ट धरला आणि तसाच एका हातानं सायकल चालवत बस्तीत आला. आता बिल्ला फळीवर नाही. आता या. पार्टिशन ढकलून तो आत शिरला. संगणक चालूच होता.

ओळ तशीच होती. रिकाम्या जागा काळ्या होत्या.

तो ठिपक्याची वाट पाहत बसला. पाहता पाहता त्याला कळलं, की ठिपका येणार नाही. ठिपका आता उंबऱ्यावर होता, मायपाशी.

मग 'खेळ'मधल्या 'ख'चा एक ठिपका विझला. क्षणभर. परत लागला.

त्याच्या शेजारचा विझला. लागला.

मग 'ळ'चा. अक्षराच्या कडेनं, खालच्या बाजूनं, एकामागून एक. कोणीतरी भिंतीला हात टेकत चालावं आणि हाताखालचं तेवढंच झाकलं जावं, तसं. रिकामी जागा आली की काहीच दिसायचं नाही. मग पुढच्या अक्षराच्या कडेला हात लागायचा. 'सुरू'. 'करा'. दर दुसऱ्या वेळेला हात जरा खाली.

'पुन्हा एकदा' यापर्यंत ते आलं. ओळ तिथं संपत होती. शेवटच्या काळ्या जागेत बराच वेळ काहीच झालं नाही. मग 'दा'च्या कान्यावरचे ठिपके परत विझू लागले. ते मागं वळलं होतं. चाचपडत, अक्षर न अक्षर धरत, आलं त्याच वाटेनं.

राजदीपनं कळफलकाला हात लावला नाही. श्वासही हळू घेतला.

बाहेर पोरं पांगायला लागली होती. बाबूभाईनं पुढच्या मशीनचे प्लग काढल्याचा आवाज आला. उन्हाळाभर सहा वाजले की लाईट जायची, सगळ्या बस्तीला सवय होती.

"अबे राजदीप, टाइम हो गया," पार्टिशनच्या पलीकडून बाबूभाई म्हणाला. "बंद कर मशीन. लाइट जाने वाली है."

राजदीपनं दोन्ही हातांनी पडदा धरला. काच गार होती, आणि ओली. आतमधे 'मागे'च्या कडेवर हात फिरत होता.

टेबलपंख्याचा आवाज उतरायला लागला.